जखमी कुत्री गाडीखाली जाऊन बसलीय, धरायची कशी? प्लीज लवकर सांगा

कोयनाकाठ
आमच्या गल्लीत लाली म्हणून एक कुत्री आहे, चार वर्षं तरी झाली तिला इथं. परवा रात्री टेम्पोची धडक बसली, तेव्हापासून मागचा पाय लोंबकळतोय आणि आता जखमेत आळ्या दिसतायत, वास पण येतोय. एका बंद पडलेल्या ओमनीखाली जाऊन बसलीय. एरवी माझ्या हातची चपाती खाते पण आता जवळ गेलं की गुरगुरते. शेजारचे काका म्हणाले फिनेल ओत, आळ्या मरतील, मी नको म्हटलं पण ते बरोबर केलं का माहीत नाही. कराडजवळ राहतो, घरी मी आणि आई दोघीच. काल रात्रभर तिचं कण्हणं ऐकू येत होतं, झोपच लागली नाही.

भूभूवाला_पुणे
ताई, फिनेल नको म्हणालात ते अगदी बरोबर केलंत. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, मिरची पूड, काही म्हणजे काही टाकू देऊ नका कुणाला, मांस भाजून निघतं आणि ती चाटते तेव्हा पोटात जातं ते वेगळंच. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम पण नको, माणसाच्या या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात. आळ्या डॉक्टर काढतील.

आता धरायचं. ओळखीचं कुत्रंसुद्धा दुखत असलं की चावतं, म्हणून समोरून वाकून हात घालायचा नाही. तिच्याकडे तिरकं बसा, डोळ्यात बघू नका, नेहमीच्या आवाजात बोलत राहा, अर्धा तास गेला तरी जाऊ दे. अंग ताठ केलं, दात दाखवले की मागे सरकायचं. उकडलेल्या चिकनचे दोनच तुकडे, पोटभर नको, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. आणि त्याआधी रस्त्याकडची बाजू पत्रा, बाकडं, काय मिळेल ते लावून बंद करा, घाबरून रस्त्यावर पळाली तर परत कुठल्यातरी गाडीखाली येईल.

एकीनं बोलत राहायचं, दुसरीनं मागून जाड चादर डोक्यासकट टाकायची. मग ओढणीचा फास नाकाडावर, गाठ वर, टोकं जबड्याखाली फिरवून कानामागे बांधायची. धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधू नका. पाय सरळ करायला जाऊ नका, फ्लेक्सचा तुकडा खाली सरकवा आणि चार कोपरे धरून उचला, स्ट्रेचरसारखं.

सिस्टर_सातारा
मी नर्स आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी तुमच्या हाताकडे जातं. नुसता ओरखडा आला तरी १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना काही नको. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना, तिथं रेबीजची लस मोफत असते. कातडीत देतात ती ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात देतात ती ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोबुलिन (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पण लागतं, ते स्वतः मागून घ्या. तीन डोस झाले की बरं वाटतंय म्हणून लोक यायचेच बंद होतात, असं करू नका हो, रेबीजची लक्षणं सुरू झाली की आमच्या हातात काही उरत नाही.

आणि ती लाळ गाळत असेल, जबडा लोंबत असेल, आवाज बदलला असेल, हवेत चावत असेल तर धरायला जाऊच नका. लांब राहा आणि जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

ऊसपट्टा
१९६२ ला फोन लावा, पशुसंवर्धनचं फिरतं पथक आहे. जास्त करून गाईगुरांसाठी फिरतात पण विचारायला काय जातं.

कोयनाकाठ
धरली!! पावणेदोन तास लागले. पहिल्यांदा चादर टाकली ती तिनं झटकून टाकली, मग आईच पुढं झाली, ती रोज लालीला भाकरी घालते ना, तिच्या आवाजाला थोडी शांत झाली. फ्लेक्सवरून रिक्षात घातली. डॉक्टरांनी आळ्या काढल्या, हाड मोडलंय, पाय राहील का ते चार दिवसांनी सांगतो म्हणाले. मला मनगटावर दात लागला, थोडं रक्त आलं, धुतलं, लस आणि इम्युनोग्लोबुलिन दोन्ही घेतलं, सिस्टर तुमच्यामुळे मागून घेतलं. आता घरमालक म्हणतात बरी झाली की लांब नेऊन सोड.

भूभूवाला_पुणे
आईंना माझा नमस्कार सांगा. लांब सोडू नका, नव्या जागेतली कुत्री तिला राहू देणार नाहीत आणि ती लंगडी. २०२३ च्या एबीसी (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांतसुद्धा नसबंदी आणि लस झाली की जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असं आहे, घरमालकांना ते दाखवा. बरी झाली की नसबंदी करून घ्या. तोवर जिन्याखाली कोरडी जागा, गोणपाट आणि पाणी, एवढ्यावर भागेल तिचं. तुमची ३ ऱ्या दिवसाची लस रविवारी येते का बघा, दवाखाना चालू आहे का आजच विचारून ठेवा.