मदत हवी आहे: ड्रॅग रेसिंगच्या स्टॉक वर्गाचं इंजिन ६,२०० आरपीएमला दम सोडतंय

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो. इथल्या एका मित्राबरोबर १९६९ ची शेव्हरोले नोव्हा एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग रेसिंग संस्थेच्या स्टॉक एलिमिनेटरसाठी, म्हणजे जवळपास कारखान्यातल्यासारख्याच गाड्यांच्या गटासाठी, तयार करतोय. इंजिन ३५० घनइंचाचं व्ही-८, कारखान्याचं रेटिंग ३०० हॉर्सपॉवर, वर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. गाडीचं वजन आणि संस्थेने ठरवलेली हॉर्सपॉवर यांच्या गुणोत्तरावरून वर्ग ठरतो. एरवी प्रत्येक जण आपली वेळ आधी जाहीर करतो आणि हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. पण समोर आपल्याच वर्गातली गाडी आली की सवलत बंद, दोघं एकदम सुटतात. तिथे इंजिनाचा खरा कस लागतो. इंडियानापोलिसच्या यू.एस. नॅशनल्सला वर्गवार लढती वेगळ्या होतात, आणि वर्ग जिंकणाऱ्याचं इंजिन उघडून मोजतात. म्हणून सगळं नियमातच बसायला हवं, त्यात तडजोड नाही.

हेडचे पोर्ट घासायचे नाहीत. कंबश्चन चेंबर ठरलेल्या मापापेक्षा लहान चालत नाही. कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती, मूळ इंजिनाइतकीच, आमच्या बाबतीत इनटेकला ०.३९० इंच आणि एक्झॉस्टला ०.४१०. ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, ते मात्र मोकळं आहे. त्यामुळे कॅम असा घासून घेतात की व्हॉल्व्ह झटकन उघडतो, शक्य तितका वेळ उघडा राहतो आणि तितक्याच झटक्यात बसतो. मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: एवढ्याशा उंचीतून किती हवा ओढून घेता येते! पण सगळा मार व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर आणि कॅमवर टेकून चालणाऱ्या टॅपेटवर येतो.

आता अडचण. ६,२०० च्या आसपास इंजिन फडफडायला लागतं आणि पुढे चढतच नाही. शेवटच्या रेषेनंतर पाय काढला की काही सेकंद मिसिंग करतं, मग आपोआप सुरळीत होतं. प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर तपासून झाले. मित्राला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, मला व्हॉल्व्हट्रेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागांचा, संशय आहे.

दुसरं म्हणजे पत्र्याचे मूळ पद्धतीचे रॉकर (कॅमची उचल वाढवून व्हॉल्व्हला देणारे हात) १.५ पट रेशोचे म्हणून मिळतात, पण डायल गेज लावलं की प्रत्येकाची लिफ्ट थोडी वेगळी येते. एक इनटेक ०.३९० च्या वर जातोय. काय करावं?

चाकणकर
दादा, आधी एकच सांगा. ही फडफड फक्त टॉप गिअरमध्ये होते की प्रत्येक गिअरमध्ये त्याच आरपीएमला? क्वाड्राजेटचा फ्लोट बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, लहान असतो. पेट्रोल कमी पडत असेल तर त्रास शर्यतीच्या शेवटी शेवटी दिसेल, पहिल्या गिअरमध्ये सहसा नाही. स्प्रिंग कमी पडत असेल तर गिअर कुठलाही असो, आरपीएम तोच.

धागाकर्ता
पहिल्या गिअरमध्येही तिथेच अडतं. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. शिफ्ट ६,००० ला केला की काहीच होत नाही.

चाकणकर
मग पेट्रोल बाजूला ठेवा. व्हॉल्व्ह फ्लोट होतोय. व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहिला की मध्ये फट पडते, हायड्रॉलिक टॅपेट तेल भरून घेऊन ती फट भरून काढतो आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. तुमचं ते काही सेकंदांचं मिसिंग म्हणजे टॅपेटमधलं जास्तीचं तेल निघून जाईपर्यंतचा वेळ. स्प्रिंग काढून टेस्टरवर मोजा, बसवलेल्या उंचीवर आणि पूर्ण उघडलेल्या उंचीवर, दोन्हीकडे. नवी स्प्रिंगही थोड्या रनमध्ये मऊ पडते.

मिशिगनचा मावळा
सहमत. आणखी एक. आम्ही टॅपेटचा प्रीलोड, म्हणजे आतला प्लंजर आधीच किती दाबलेला आहे ते, जवळजवळ शून्य ठेवतो आणि वरची क्लिप मजबूत घालतो. प्लंजर आधीच क्लिपला टेकलेला असला की तेल भरून वर सरकायला जागाच उरत नाही. थोडी टकटक ऐकू येईल, ती येऊ द्या.

रॉकरसाठी युक्ती अशी: गरजेपेक्षा बरेच जास्त रॉकर आणा, प्रत्येकाची लिफ्ट मोजून पेनने त्यावर लिहा आणि मग जोड्या लावा. कमी लिफ्टच्या कॅम लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) जास्त रेशोचा रॉकर, जास्तवर कमीचा. सोळाही व्हॉल्व्ह मर्यादेला टेकले पाहिजेत, पण ओलांडता कामा नये. मोजताना टॅपेट सॉलिड (तेल न भरणारा) घ्या, हायड्रॉलिक दबला की आकडा फसवा येतो. टॅपेट आणि रॉकर यांच्यामधल्या पुशरॉडची लांबीही तपासा. रॉकरचा ठसा व्हॉल्व्हच्या टोकावर मधोमध उमटला पाहिजे. कडेला उमटत असेल तर व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ते गाइड लवकर खराब होतं.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काल ड्रायव्हरच्या बाजूचं हेड उघडलं. पाचव्या आणि सातव्या सिलिंडरच्या इनटेक स्प्रिंग हाताला बाकीच्यांपेक्षा मऊ लागतात, आणि सातच्या व्हॉल्व्हच्या टोकावर ठसा सरळ कडेला आहे. पुशरॉड नव्या मागवतोय. स्प्रिंगचे आकडे मात्र टेस्टरशिवाय कळणार नाहीत. क्लीव्हलंड ते टोलीडो या पट्ट्यात कोणाकडे चांगला स्प्रिंग टेस्टर आहे का? सोळाही स्प्रिंग घेऊन मी येतो. आणि शिम (पातळ चकती) घालून स्प्रिंगची उंची कमी करायची तर तिचे वेढे एकमेकांना टेकण्याआधी तुम्ही किती जागा ठेवता, तेही सांगा.

मिशिगनचा मावळा
आम्ही ०.०६० इंच ठेवतो. टेस्टर टोलीडोपासून तासाभरावर, माझ्याकडेच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. रॉकर पण घेऊन या.