तैपेईहून वुलाय : आई-बाबांसह एका दिवसात जमेल का?

प्रश्न

फेब्रुवारीत माझ्या कामानिमित्त आम्ही चौघे आठवडाभर तैवानच्या राजधानीत, तैपेईत असू आणि त्यातला एक दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. मेट्रोने थेट जाता येणारे बेईतौ सोयीचे आहे, परंतु आईला डोंगरातले, नदीकाठचे लहान गाव पाहायचे आहे, म्हणून वुलायचा विचार चालू आहे. बाबा ६८ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवाय काही सार्वजनिक कुंडांत विवस्त्र उतरावे लागते असे कळल्यापासून दोघेही संकोचले आहेत. त्यांना मोकळेपणाने स्नान करता येईल अशी सोय तिथे असते का?

उत्तर १

एका दिवसात निश्चित जमेल. मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने शिंदियान या शेवटच्या स्थानकापर्यंत जावे आणि तिथून ८४९ क्रमांकाची बस धरावी. साधारण चाळीस मिनिटांत ती गावाच्या तोंडाशी सोडते. मेट्रोचे ईझीकार्ड बसमध्येही चालते. शनिवार-रविवार मात्र टाळावा.

संकोचाचे म्हणाल, तर तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या स्वतंत्र खोल्या घ्याव्यात, आई-बाबांसाठी एक आणि तुमच्यासाठी एक. दार आतून लावता येते आणि हौद आपणच भरायचा असतो. गरम तोटीचे पाणी अक्षरशः भाजते, त्यामुळे आधी थंड पाणी सोडून मग गरम मिसळणे बरे. आमचा हौद भरायलाच पाव तास गेला होता. ती वेळ हिशेबात धरा.

उत्तर २

दोन्ही ठिकाणच्या पाण्यात मुळातच फरक आहे. बेईतौचे झरे दातुन ज्वालामुखी समूहाच्या पायथ्याशी असल्यामुळे त्यांना गंधकाचा उग्र वास येतो आणि अंगावरची चांदी काळी पडते. वुलायचे पाणी ज्वालामुखीतून नव्हे, तर खडकांतील खोल भेगांतून तापून वर येते. त्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा असतो आणि त्याला रंग-वास नसतो. त्वचा मात्र इतकी बुळबुळीत लागते की साबण नीट धुतला गेला नाही असे वाटून माझी आई पुन्हा पुन्हा हात चोळत राहिली होती.

बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्तदाब उतरतो; त्यात गोळीचा परिणाम मिसळला आणि माणूस एकदम उठून उभा राहिला, तर चक्कर येऊ शकते. एका वेळी दहा मिनिटांहून अधिक बसू नये, पाणी छातीच्या खालीच असावे, आणि बाहेर येताना आधी काठावर टेकावे. त्यांना खोलीत एकटे सोडू नका.

उत्तर ३

केवळ स्नानासाठी जाऊन परत फिरू नका. हे अतायल या मूलनिवासी लोकांचे गाव आहे आणि वुलाय हे नावही त्यांच्याच भाषेतील गरम झऱ्याच्या शब्दावरून पडले आहे. बाजारपेठेतील त्यांचे छोटे संग्रहालय अवश्य पाहावे. तिथली विणकामाची वस्त्रे पाहताना आईंचा वेळ कसा जाईल ते कळणार नाही.

जुन्या प्रवासवर्णनांत नदीकाठच्या फुकट कुंडांचे कौतुक आढळते, पण त्यांच्या शोधात जाऊ नका. ती आता पाडलेली आहेत. ऑगस्ट २०१५ मधील सौदेलोर वादळात दरडी कोसळून या गावाचा रस्ता तुटला होता, त्यामुळे निघण्यापूर्वी हवामान पाहावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. स्वतंत्र खोल्या घेण्याचे ठरले आणि बाबांच्या डॉक्टरांची वेळही घेतली. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा वुलायच्या धबधब्यापर्यंत तिला चालवेल का? आणि आधी स्नान करावे की धबधबा पाहावा?

उत्तर ३

चालण्याची गरज नाही. पूर्वी लाकूड वाहण्यासाठी घातलेल्या अरुंद रुळांवरून आता प्रवाशांची छोटी गाडी धावते आणि ती सुमारे ८० मीटर उंचीच्या त्या धबधब्याजवळ नेते. आधी धबधबा आणि संग्रहालय उरकावे, स्नान शेवटी ठेवावे. फेब्रुवारीत तिथे चेरी फुललेली असते, पण पाऊसही पडतो, आणि गरम पाण्यातून निघालेल्या अंगाने थंड वाऱ्यात फिरणे बाबांना सोसणार नाही.