घरातल्या घरात आई किती चालते, मोजायचं कसं?

चहाबाज: आई ७४ ची, वॉकर घेऊन दिवसभर स्वयंपाकघर ते गॅलरी चालूच असते पण हातातला बँड रात्री दाखवतो जेमतेम दोनशे पावलं, आणि जीपीएस घरात काही कामाचं नाही. काही उपाय?

सर्किटबाबा: अहो वॉकर धरला की हात हलतच नाही, मग बँड मोजणार काय! आधी घोट्याला बांधून बघा, फुकटात होतं. ब्लूटूथचा टॅग आणि खोलीखोलीत रिसीव्हर लावले तर कुठल्या खोलीत किती वेळ होती ते कळतं, पण भिंत, माणूस मध्ये आला की सिग्नल पडतो त्यामुळे दोनचार मीटर इकडेतिकडे होतंच. अंतर नीट हवं तर यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, रेडिओ सिग्नल पोहोचायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतं), त्यात चूक १०-३० सेंमीचीच राहते, खर्च मात्र जास्त.

गौरी_ठाणे: टॅग घालायलाच विसरतात हो. अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक दीना कताबींच्या टीमने अंगावर काहीच न लावता, रेडिओलहरी शरीरावरून परततात त्यावरून चालण्याचा वेग मोजलाय, भिंतीपलीकडूनही. आणि आईंना विचारलंत ना? माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पाळत ठेवताय का?"

चहाबाज: घोट्याला बांधला. आई म्हणते पैंजण तरी आणायचं होतंस 😄