विहारात लावलेली डॉक्युमेंटरी आणि आजीचा प्रश्न

खाडीकाठचा (दापोली)
बुद्धपौर्णिमेला आमच्या वाडीत विहारात डॉक्युमेंटरी लावलेली. मुंबई मंडळाच्या पोरांनी प्रोजेक्टर आणला, पडदा म्हणून चादर, मधेच लाईट गेली ते वेगळंच. सिनेमा होता २००७ चा 'दलाई लामा रेनेसान्स', हॅरिसन फोर्डचा आवाज असलेला. चाळीसेक पाश्चात्त्य विचारवंत जगाचे प्रश्न सोडवायला धर्मशाळेला जमतात आणि आपसातच भांडत बसतात, म्हणजे आमच्या मंडळाची मीटिंगच की. सगळं इंग्रजीत, एक पोरगा उभा राहून मोठ्याने मराठीत सांगत होता. अर्ध्या तासाने आजीने विचारलं, "ह्यात बाबासाहेब कधी येतात रे?" सगळे हसले.

मला तेव्हापासून चैन नाही. मोठ्या माणसांवरच्या ह्या फिल्म बघा, बहुतेक एकाच साच्यातल्या. डोंगरावरून ड्रोन, मागे बासरी, स्लो मोशनमधे जोडलेले हात, रडणारे भक्त. तो माणूस कधी चिडत नाही, चुकत नाही, घरच्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही. धर्मानंद कोसंबी घ्या, गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६. बुद्धाच्या ओढीने घर सोडलं, १९०२ ला सिलोनमधे भिक्षू झाले, पुढे परत संसारात आले, फर्ग्युसनला पाली शिकवली, हार्वर्डला काम केलं. पण निघाले तेव्हा घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्यावर फिल्म काढायची तर ती बायकोच्या चुलीपासून सुरू व्हावी असं माझं मत. महापुरुषाची किंमत शेजारच्या माणसाने मोजलेली असते, त्याला कॅमेऱ्यासमोर आणा ना.

मंडणगडची माई
दादा, तुमचं म्हणणं शिकलेल्या माणसाचं आहे, राग मानू नका. आंबडवे आमच्या तालुक्यात, बाबासाहेबांचं मूळ गाव. तिथे लांबून गाड्या करून बायका येतात, त्या काय चिकित्सा करायला येतात का? १९५६ ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म घेतल्यावर माझ्या सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले देव खाडीत सोडले, गावाने वर्षभर बोलणं टाकलं. आमच्या माणसाची टिंगल बाहेरच्यांनी भरपूर करून झालीय, आता आमच्याच चादरीवर आम्ही त्याच्या चुका बघत बसायचं? बासरी वाजली तर वाजू दे की. आजी दिवसभर काजू सोलून आलेली असते.

कॅमेरावाला_चिपळूण
मी लग्नाचे व्हिडिओ करतो म्हणून जरा आमच्या धंद्यातलं. १९६९ ला बीबीसीसाठी माल्कम मगरिज नावाचा ब्रिटिश पत्रकार कलकत्त्याला मदर टेरेसांवर फिल्म करायला गेला. मरणासन्न लोकांच्या घरात इतका अंधार होता की कॅमेरामन म्हणाला काही उमटणार नाही, तरी कोडॅकची नवीन फिल्म घालून शूट केलं. धुतल्यावर बघतात तर सगळं लख्ख! मगरिजने जाहीर केलं की हा चमत्कार, दैवी प्रकाश. कॅमेरामन बिचारा कोडॅकचा जयजयकार करणार होता. आता सांगा, तेज साधुत्वाचं की रिळाचं? नवरीच्या चेहऱ्यावरचं तेज मीपण रोज काढतो, सॉफ्ट फिल्टर नावाची वस्तू आहे.

मंडणगडची माई
रिळाचं असेल हो, पण ती फिल्म बघून तिचं काम जगाला कळलं ना? नंतर १९९४ ला क्रिस्टोफर हिचन्स ह्या पत्रकाराने तिच्याविरुद्ध टीव्हीवर अर्ध्या तासाची फिल्म केली. ती बघून कलकत्त्यात एका तरी आजाऱ्याचं अंग कुणी पुसलं असेल तर सांगा.

कॅमेरावाला_चिपळूण
माई, आलेल्या पैशाचं काय झालं, औषधोपचार कसले होते, हे विचारणं म्हणजे आजाऱ्याचीच बाजू घेणं नाही का? असो, तुमच्याशी भांडून मला तालुक्यातल्या ऑर्डरी घालवायच्या नाहीत.

महाडची_पोर
दोघांनाही नाही पटत मला. प्रश्न भक्तीचा की टीकेचा हा नाहीच, किती वर्षं दिलीत हा आहे. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' १४ वर्षं शूट केली. मुंबईच्या रमाबाई नगर ह्या दलित वस्तीत ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली, ते बघून शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तिथून सुरुवात आणि पुढे गाणारी माणसंच माणसं. ना ड्रोन ना बासरी. त्याच १९९७ ला तिहार जेलमधल्या विपश्यनेवर एक फिल्म आली, हजारभर कैदी एकत्र बसलेत, तीही मी बघितलीय, रडले पण. फक्त डोळे मिटून बसणं हाच बौद्ध धम्म असं जगाला वाटायला लागलं की मला २० मार्च १९२७ आठवतो. चवदार तळ्यावर कुणी डोळे मिटून नव्हतं बसलं.

देवबागचो
तुमचा चालू द्या, पण एक गजाल सांगतंय. (सगळं मालवणीत लिहिलं तर दापोलीवाले कुरकुरतील म्हणून पुढचं साध्या भाषेत.) पाली ग्रंथात पुन्ना नावाचा भिक्षू आहे, सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा मानतात. तो बुद्धाला म्हणतो मी सुनापरांतात जातो, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर. बुद्ध म्हणतात, बाबा तिथली माणसं चंड आणि परुष आहेत, शिव्या देतील. तो म्हणतो, देऊ देत, मारलं तर नाही ना. मारलं तर? ढेकूळ तर नाही ना फेकलं. असं करत काठी, सुरी, जीव घेण्यापर्यंत जातं. अडीच हजार वर्षांपूर्वी कोकणी माणसाची एवढी अचूक ओळख दुसऱ्या कुणी करून दिली नसेल! फिल्म ह्याच्यावर काढा. सोपाऱ्याचा स्तूप पुरातत्त्ववाले भगवानलाल इंद्रजींनी १८८२ ला खणला, अस्थिकरंडक मिळाला. लोकेशन म्हणून दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेतच.

गोपुरीजवळ (कणकवली)
पुन्ना ठीक, कोसंबीही ठीक, पण त्यांना पाहिलेलं कोण उरलंय? मग नट आणा, नकली दाढ्या लावा. आमचे गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन १९७१ ला गेले, त्यांना पाहिलेली माणसं आमच्याकडे अजून आहेत. हा माणूस १९३२ ला रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करायला परवानगी द्या म्हणून अडून बसला, अन्न कमी केलं, तेव्हा येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. आणि लहानपणी ऐकलेलं सांगतो, आमच्या गावातले काही लोक त्यांना वाट्टेल ते बोलायचे. ते बोलणाऱ्यांच्या नातवंडांना घ्या कॅमेऱ्यासमोर, बघू कोण येतंय.

मंडणगडची माई
हे मात्र पटलं. दादा, तुमची ती आजी किती वर्षांची?

खाडीकाठचा (दापोली)
ऐंशीच्या पुढे. छप्पनला दहा-बाराची असणार. देव बाहेर काढले तो दिवस तिला आठवतो, कोण कोण रडलं तेही.

मंडणगडची माई
मग बासरीवर काय लिहीत बसलायत? पावसाच्या आधी बसवा तिला पडवीत.

खाडीकाठचा (दापोली)
काल विचारलं. चालेल म्हणाली, पण थोरल्या सुनेबद्दल पण बोलणार आहे म्हणाली, घरात आतापासूनच वातावरण तंग. आणि माझ्या फोनमधे जागा नाही, पोराने क्रिकेटच्या व्हिडिओंनी भरलाय. चिपळूणवाले, मे संपायच्या आत एखादा रविवार रिकामा आहे का?

कॅमेरावाला_चिपळूण
लग्नसराई आहे हो. सोमवार चालेल का? फिल्टर घरी ठेवून येतो.