मदत हवी आहे : कस्टमरच्या घरचा कुत्रा अंगावर आला तर डिलिव्हरीवाल्याने काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या पट्ट्यात बाइकवर पार्सल आणि जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. भटक्या कुत्र्यांबद्दल विचारत नाहीये, ते लांबून दिसतात, गाडी हळू करता येते. माझा प्रश्न पाळलेल्या कुत्र्यांचा आहे. फ्लॅटचं दार उघडतं आणि पहिल्यांदा कुत्राच बाहेर येतो, मागे लिफ्ट निघून गेलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल कारण ओटीपी घ्यायचाय, आणि आतून आवाज येतो, "काही करत नाही हो तो, तुम्ही घाबरू नका."

रविवारी आमच्या झोनमधल्या एका पोराच्या पोटरीला असंच दारात कुत्रा चावला, चांगलं रक्त आलं. कस्टमरने बँडेड दिलं, आमच्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं झालीत म्हणून सांगितलं, आणि पोरगं तसंच पुढच्या ऑर्डरला गेलं कारण शिफ्ट मोडली की इन्सेंटिव्ह जातो. सोमवारी जवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन दंडात इंजेक्शन घेतलं.

२०२३ च्या जानेवारीत हैदराबादला बंजारा हिल्समध्ये एक पोरगं असंच जेवण द्यायला गेलं होतं, जर्मन शेफर्ड मागे लागला म्हणून त्याने तिसऱ्या मजल्यावरून उडी घेतली आणि गेलं बिचारं. २०२२ मध्ये पनवेलच्या एका सोसायटीत लिफ्टच्या दारात डिलिव्हरीवाल्याला चावल्याचा व्हिडिओ तर बऱ्याच जणांनी बघितला असेल. आणि लिफ्टचंच सांगतो, कितीतरी सोसायट्यांमध्ये मेन लिफ्ट आम्हाला बंद, सर्व्हिस लिफ्टने जा म्हणतात, आणि कुत्र्यांनाही तीच लिफ्ट. म्हणजे आम्ही आणि कुत्रा एकाच डब्यात, हे नियम करणाऱ्या कमिटीच्या लक्षात कसं येत नाही?

तर कुत्रा अंगावर आला की नेमकं काय करायचं, कस्टमरला आधीच कसं सांगायचं म्हणजे तो चिडून रेटिंग पाडणार नाही, आणि चावलाच तर पुढे काय, हे अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

जुना कुरिअरवाला : भावा, पहिली गोष्ट पळायचं नाही, जिन्याकडे तर अजिबातच नाही. पळणाऱ्याच्या मागे लागणं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे आणि त्याच्यापेक्षा जोरात आपण पळू शकत नाही. जागेवर थांब, थोडं तिरकं उभं राहा, डोळ्यात डोळे घालून बघू नको, ओरडू नको, हात वर करू नको. बॅग तुझ्या आणि त्याच्या मध्ये धर, चावायचंच असेल तर बॅगेला चावू दे, ऑर्डर गेली तर गेली. मग तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरक. पाडलंच तर अंगाचं मुटकुळं करायचं, मान आणि कान हातांनी झाकायचे.

शेपूट हलतीये म्हणजे खूश आहे असं समजू नको. अंग ताठ, शेपूट वर आणि बारीक बारीक हलतीये, मानेवरचे केस उभे, एकटक बघतोय, तर तो चिडलेला आहे. आणि कस्टमर "हात लावा, काही नाही करत" म्हणाला तरी हात लावायचा नाही.

दुसरं म्हणजे बेल वाजवून दाराला चिकटून उभं राहायचं नाही, दोन पावलं मागे आणि बाजूला. मी तर पार्सल दारापाशी ठेवून मागे व्हायचो. सेफ्टी डोअर असेल तर ते बंदच ठेवायला सांगायचं, ओटीपी जाळीतून पण मिळतो.

दोन लॅब्रेडॉरची आई : मी कुत्रे पाळते म्हणून मालकाच्या बाजूने सांगते. घरात गोड असलेला कुत्रा दारात वेगळा वागू शकतो, दार ही त्याची हद्द असते, त्यात बेलचा आवाज, अनोळखी माणूस, हेल्मेट घातलेलं तोंड आणि जेवणाचा वास. त्यामुळे दादा, हेल्मेटची काच तरी वर करत जा. आणि खालून, गेटवरूनच फोन करा, "मॅडम, ऑर्डर घेऊन आलोय, घरात कुत्रा असेल तर आतल्या खोलीत ठेवाल का प्लीज." एवढ्यावर चिडणारा मालक मी तरी बघितला नाहीये. बेल वाजल्यावर सांगून उपयोग नाही, तोवर तो दारात आलेला असतो. खरं तर हे आम्हीच न सांगता करायला पाहिजे. ॲपच्या सूचनेत "घरात कुत्रा आहे, बेल वाजवू नका, फोन करा" लिहायला काय लागतं?

लिफ्टबद्दल एकदम पटलं. दार उघडलं आणि आत कुत्रा दिसला तर चढू नका, पुढची घ्या, पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

सरकारी दवाखान्यातली सिस्टर : वरचं सगळं बरोबर आहे पण मला त्या रविवारच्या मुलाची काळजी वाटतीये. चावल्याबरोबर जखम साबण आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची असते, तिथेच, कस्टमरच्या बाथरूममध्ये सुद्धा, लाजायचं नाही. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. कुत्र्याचं लसीकरण झालंय म्हणून आपण थांबायचं नाही. रेबीज झाला की जवळपास कुणीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

आता महत्त्वाचं. रक्त आलं असेल तर नुसती दंडातली लस पुरत नाही, जखमेत आणि जखमेच्या कडेने सीरम द्यावं लागतं, इम्युनोग्लोब्युलिन. ते पहिल्या दिवशी राहिलं असेल तर लसीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांपर्यंत देता येतं. त्या मुलाचं लसीचं कार्ड बघा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा.

कोर्टात काम करणारा : कायद्याचं थोडक्यात. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जखमेचे फोटो, दवाखान्याचे पेपर, ऑर्डरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागा कारण ते काही दिवसांनी पुसलं जातं. कंपनीकडे अपघात विमा असेल तर तिथेही हेच पेपर लागतील, ॲपमधून तक्रार त्याच दिवशी टाका.

धागाकर्ता : सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, आत्ताच त्याला फोन करून कार्डचा फोटो मागवला, त्यावर फक्त लस आणि धनुर्वात लिहिलंय, सीरमचं काहीच नाही. आज गुरुवार, म्हणजे पहिल्या डोसला ७ दिवस झाले नाहीयेत ना? मी त्याला घेऊन पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलला निघतोय.

सरकारी दवाखान्यातली सिस्टर : नाही झाले, वेळेत आहात, पण उद्यावर टाकू नका. कार्ड बरोबर न्या, सोमवारी कुठली लस दिली आणि दंडात कशी दिली ते डॉक्टरांना दाखवा म्हणजे पुढचे डोस तसेच चालू ठेवता येतील, आजचा दुसरा डोस राहिला असेल तर तोही घ्या. वजन विचारतील, सीरम वजनावर ठरतं. कुत्रा कुठला ते कळलंय तर मालकाला फोन करून १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा, आजारी पडला किंवा मेला तर लगेच कळवायला सांगा. तिथे सीरम संपलंय म्हणाले तर परत येऊ नका, ससूनला जा.