गाडी विकताना आरसी नावावर झाल्याशिवाय चावी देऊ नका

घाटवाट
मत स्पष्टच मांडतो. जुनी गाडी विकताना लोक आरटीओच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या करतात, पैसे घेतात, चावी देतात आणि झालं आपलं काम म्हणून मोकळे होतात. आरटीओच्या लेखी तेव्हा मालक बदललेलाच नसतो. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे रजिस्ट्रेशन, म्हणजे आरसी, ज्याच्या नावावर आहे तो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार केसमध्ये हेच सांगितलं. गाडी दोन-तीन हात फिरलेली, कोणीच नावावर केली नव्हती, अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली कागदावरच्या पहिल्या मालकावर. म्हणून माझं म्हणणं, आधी ट्रान्सफर मग चावी.

जुनी_गाडी_नवा_रस्ता
पटलं नाही. मी जुन्या गाड्यांच्या धंद्यात आहे, पूर्ण पैसे मोजून गाडी तुमच्याच दारात ठेवून आरटीओच्या अप्रूव्हलची वाट बघणारा गिऱ्हाईक कुठून आणणार? आणि गाडी ही जंगम मालमत्ता आहे, पैसे दिले, ताबा दिला की विक्री पूर्ण होते, घरासारखी रजिस्ट्री लागत नाही. डिलिव्हरी नोट करा, तारीख आणि वेळ लिहा, घेणाऱ्याच्या आधारची कॉपी घ्या, दोघांच्या सह्या. एवढं बास.

घाटवाट
तुमच्या दोघांमधल्या व्यवहाराला बास, पण रस्त्यावर जो जखमी झाला त्याच्या दाव्यात ती नोट तुम्हाला सोडवत नाही, तो आरसीवरचं नाव बघून दावा लावणार. नोटेच्या जोरावर नंतर घेणाऱ्याकडून पैसे वसूल करायला तुम्हालाच वेगळं भांडावं लागणार.

प्रवासिनी
दादा, घाबरवताय जरा जास्तच. थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, गाडीबरोबर आपोआप जातो ना, मोटार वाहन कायद्यात कलम १५७ आहे त्यासाठी. कंपनी भरेल.

घाटवाट
ताई, पॉलिसी चालू असेल तर भरेल, अगदी बरोबर. पण ती संपली आणि नव्या माणसाने रिन्यू केलीच नाही तर? नाव तुमचं, इन्शुरन्स नाही, आणि गाडी कुठे फिरतेय ते तुम्हाला माहीतसुद्धा नाही. मला खरी भीती याचीच वाटते, ई-चलानचे मेसेज येतात तो त्यामानाने किरकोळ ताप.

सरळवाट
घेणाऱ्याच्या बाजूने पण बोला की कोणीतरी. सगळा दोष आमच्यावर का? विकणारा बँकेचं हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवत नाही, जुनी चलानं भरत नाही, मग फोन उचलत नाही, आणि ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो! नावावर करायची इच्छा असून गाडी अडकते. आणि पॉलिसी आपल्या नावावर नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, म्हणजे घाई आम्हालाही असतेच. कायद्यात गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत, मग पहिलं पाऊल कुणाचं ते बघा.

घाटवाट
हे मान्य, शंभर टक्के. विकणाऱ्याने स्वतःच सगळं पुढे होऊन करावं असंच मी म्हणतोय. कर्जाची नोंद उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी जाहिरात टाकायच्या आधी तयार पाहिजे.

जुनी_गाडी_नवा_रस्ता
आणि डीलरला दिली तर? आता अधिकृत डीलरसाठी २९सी फॉर्म आहे, गाडी ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवलं की पुढचा मालक मिळेपर्यंत डीलरच मालक धरला जातो. २०२३ च्या एप्रिलपासून नियम आहे.

घाटवाट
नियम चांगलाच आहे, पण त्यासाठी डीलरकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, ते बघून आणि २९सी भरूनच गाडी द्यायची. कोपऱ्यावरच्या एजंटला कोऱ्या सह्या देणं म्हणजे हे नव्हे.

प्रवासिनी
मधला मार्ग काढा ना, घेणाऱ्याने थोडी रक्कम अडकवून ठेवायची, आरसी नावावर झाली की द्यायची. बरेच लोक करतात असं.

घाटवाट
इथेच लोक उलटं करतात! रक्कम घेणाऱ्याकडे राहिली तर त्याला ट्रान्सफर लांबवण्यातच फायदा, गाडी पण त्याच्याकडे आणि पैसे पण. डिपॉझिट विकणाऱ्याकडे पाहिजे, ठरलेल्या किमतीच्या वर, आरसीवर नवीन नाव दिसलं त्या दिवशी परत. चावी आधी द्यायचीच असेल तर मला एवढीच अट चालेल.

सरळवाट
आणि विकणाऱ्याने डिपॉझिट परत दिलंच नाही तर मी कुठे जायचं? डिलिव्हरी नोटमध्येच लिहून द्या, रक्कम आणि परतीची अट दोन्ही, तरच मी वरचे पैसे देईन.

घाटवाट
द्यायलाच पाहिजे लिहून. आणि त्याच नोटवर विमा कधी संपतोय ती तारीख पण टाका, रिन्यू कोण करणार तेही.