शब्दचर्चा: विज्ञानाच्या तासाची ‘साक्षरता’ म्हणजे नेमकी कोणती?

नमस्कार. मी नाशिकमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाला अधूनमधून सुलभक म्हणून जातो. ‘साक्षरता’ या शब्दापाशी अडलो आहे.

मागच्या प्रशिक्षणात हा शब्द फळ्यावर लिहिला, तर एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “सर, आमची पोरं दहावीला आहेत. साक्षरता तिसरीपर्यंत.” त्यांना दोष देता येत नाही. २०२१ पासून केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानामुळे ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ हे शब्द तिसरीपर्यंतच्या वर्गांनाच चिकटले आहेत. त्याआधी साक्षरता म्हटलं की प्रौढांचे रात्रीचे वर्ग आठवायचे.

मला सांगायचं होतं ते निराळं. अमेरिकेत २०१० साली ‘कॉमन कोअर’ मानकं आली, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलांना काय यायला हवं याची यादी. त्यांत सहावी ते बारावीच्या विज्ञान व तांत्रिक विषयांसाठी वाचन-लेखनाची वेगळी मानकं आहेत. आपल्या म्हणण्याला मजकुरातला पुरावा द्यायचा, प्रयोगाच्या पायऱ्या काटेकोर पाळायच्या, चिन्हाचा आणि संज्ञेचा त्या जागी लागू पडणारा अर्थ ठरवायचा, मजकूर आणि तक्ता एकमेकांशी ताडून बघायचा. हे सगळं विज्ञानाच्या आशयाला जोडून, आणि काम विज्ञानाच्याच शिक्षकाचं. भाषेच्या बाईंकडे सोपवून मोकळं होता येत नाही.

याला मराठीत काय म्हणावं? ‘वैज्ञानिक साक्षरता’ म्हटलं तर विज्ञानाची समज असा अर्थ होतो, तो चांगला आहे पण हा नव्हे. ‘वाचनकौशल्य’ म्हटलं की शिक्षक म्हणतात, मराठीच्या तासाला घ्या.

प्रतिसाद:
सर, ‘आकलन’ आहे की! प्रश्नपत्रिकेतला उतारा रोज घेतोच आपण.

प्रतिसाद, निफाडहून:
‘आकलन’ मला पुरत नाही. आमच्या वर्गातला प्रसंग सांगते. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात लोखंडी खिळा ठेवायचा प्रयोग. मजकुरात होतं, खिळ्यावर तांबूस थर जमा होतो. मुलांनी प्रयोग केला, थर पाहिला, आणि निम्म्या वह्यांत लिहिलं, ‘खिळ्यावर गंज चढला.’ ‘तांबूस’ हा त्यांनी नुसता रंग म्हणून वाचला. तो थर तांब्याचाच आहे, हे त्या शब्दातच दडलंय, पण तिथे कोणी थांबलंच नाही. मीही थांबले नव्हते.

एका मुलाने मात्र बरोबर लिहिलं होतं. घरी द्राक्षबाग आहे. बोर्डो मिश्रण (बुरशीवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं पाणी) करताना वडील त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर लालसर थर आला तर ‘तांबं चढलं, चुना कमी पडला’ म्हणतात आणि चुन्याची निवळी वाढवतात. पुस्तकातलं वाक्य त्याला कळलं ते त्या विळ्यामुळे. एक टक्क्याचं बोर्डो करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, आणि दोन्ही आधी वेगवेगळं भिजवायचं. हा मजकूर त्याने चार ओळींत पायऱ्या घालून लिहून दाखवला. मग वर्गात विचारलं, नाव मिश्रण आहे, पण ते द्रावण की निलंबन (न विरघळलेले कण तरंगत राहतात ते)? त्या प्रश्नावर तास संपला तरी पोरं उठेनात.

प्रतिसाद:
मॅडम, हेच होतं. सेमीची मुलं ‘सॉल्ट’ वाचून मीठ समजतात, मराठी माध्यमाची ‘क्षार’ वाचून बोअरचं पाणी. दोघांचंही वाचन अस्खलित असतं.

प्रतिसाद, पंचवटीतून:
मी संस्कृत शिकवते, तुमच्या विषयातली नाही. पण तुम्ही शोधताय तो शब्द मराठीत जुनाच आहे: लावणे. पाठशाळेत ‘पंक्ती लावणे’ म्हणतात. वाचता येणं वेगळं, पंक्ती लागणं वेगळं. हा शब्द कशाशी जोडलाय, हे विधान वरच्या कोणत्या विधानातून आलंय, हे सगळं जुळलं की पंक्ती लागली. घरातही आपण ‘अर्थ लागला का?’ असंच विचारतो.

मूळ लेखक:
मॅडम, मनापासून आभार. ‘तांबूस थर’ हे वाक्य वाचता सगळ्यांना आलं, लागलं एकालाच. इतकं नेमकं मला सांगता येत नव्हतं.

‘साक्षरता’ टाकून द्यावी असं मात्र आता वाटत नाही. जनगणनेच्या व्याख्येत सात वर्षं किंवा अधिक वयाची, कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकणारी व्यक्ती साक्षर धरतात. ‘समजून’ हा शब्द तिथे आहेच, बोलताना आपणच तो गाळला. म्हणून पुढच्या प्रशिक्षणात कागदोपत्री ‘विज्ञानाच्या मजकुराची साक्षरता’ लिहीन आणि बोलताना ‘पाठ लावणे’ म्हणेन.

प्रशिक्षणाची रीतही बदलतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाकाठी ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. त्यातले दोन तास तरी पीपीटीविना, हातात पुस्तक घेऊन जावेत असं मला कळकळीने वाटतं. गेल्या खेपेला धड्यातला एकच परिच्छेद वाटला आणि मुलांना अडतील त्या शब्दांखाली रेघ मारायला सांगितली. शिक्षकांनी रेघा मारल्या त्या ‘विस्थापन’, ‘ऑक्सिडीकरण’ यांखाली. तोच परिच्छेद मी आधी वर्गात दिला होता. मुलांच्या रेघा होत्या ‘परिणामी’, ‘यांपैकी’ आणि ‘अनुक्रमे’ या शब्दांखाली. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तेव्हा खोलीत कोणी बोलेना. संज्ञा आपण समजावतो, त्यांची व्याख्या असते. ‘अनुक्रमे’ कोणीच शिकवत नाही, आणि ‘अ आणि ब ची वस्तुमाने अनुक्रमे २ व ५ किलो’ इथे मूल ‘एकामागून एक’ एवढंच समजून पुढे जातं.

तर आता पुढचा प्रश्न. नववीतल्या मुलाला ‘अनुक्रमे’ समजावताना तुम्ही कोणतं वाक्य वापरता? मी ‘ज्याचं त्याला, त्याच ओळीने’ म्हणतो. याहून नेटकं कुणाकडे आहे का?